तबकडी जपली, पण वाजवणार कशावर?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की जर्नल आणि सबमिशनपासून सुटका होते, पण माळा साफ करण्यापासून होत नाही. स्टुलावर चढून वरचं सामान खाली द्यायचं काम इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराकडे किंवा पोरीकडे, हे घराघरात ठरलेलं. त्या सामानात कधीतरी आजोबांच्या वेळची एक जड पेटी निघते. आत काळ्या तबकड्या, आणि शेजारी धूळ खात पडलेला फोनो नाहीतर रेकॉर्ड प्लेअर, जो म्हणे 'कधीचाच बंद पडलाय'. मग घरात चर्चा. एक पार्टी म्हणते, सगळं भंगारवाल्याला द्या. दुसरी म्हणते, आजोबांची आठवण आहे, राहू द्या. शेवटी तडजोड होते : रेकॉर्ड्स ठेवायच्या, मशीन देऊन टाकायचं.

हा लेख त्या तडजोडीच्या विरोधात आहे. कारण रेकॉर्ड आणि ती वाजवणारं यंत्र या दोन वस्तू नाहीतच. एकाच वस्तूचे ते दोन अर्धे भाग आहेत. एक गेला की दुसरा मुका. आणि वाईट म्हणजे चुकीच्या यंत्रावर लावली तर रेकॉर्ड मुकी होण्याआधी खराबही होते. ते कसं, हे बघू. घाबरू नका, फर्स्ट इयरच्या फिजिक्सच्या पुढे जाणार नाही!

गाणं असतं कुठे?

सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. रेकॉर्डमध्ये मात्र खुद्द ध्वनिलहरच प्लॅस्टिकमध्ये कोरलेली असते. तबकडीवर दिसणाऱ्या अनेक रेघा म्हणजे खरं तर एकच लांबलचक चर आहे, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदात. एक बाजू वीस मिनिटांची धरली तर साधारण ६६७ फेरे होतात आणि सुई सुमारे सव्वाचारशे मीटर अंतर कापते. ग्राउंडच्या चारशे मीटर ट्रॅकला एक फेरी मारल्यासारखंच, फक्त रस्ता केसाहूनही बारीक.

त्या चरीच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात आणि तबकडीच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांत असतात. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डाव्या स्पीकरचा आवाज एका भिंतीवर, उजव्याचा दुसऱ्या भिंतीवर. एकच सुई एकाच वेळी दोन्ही भिंती वाचते. १९५७-५८ पासून बाजारात आलेली ही युक्ती आजही तशीच वापरतात.

म्हणजे या माध्यमाला 'फाइल फॉरमॅट' असा नाहीच. कुठलंही सॉफ्टवेअर नको, पासवर्ड नको. ठराविक वेगाने फिरवणारं काहीतरी हवं आणि योग्य मापाची सुई हवी. बस्स. सगळी मेख मात्र त्या 'योग्य' शब्दात आहे.

दोन जाती : लाख आणि प्लॅस्टिक

घरात सापडलेल्या सगळ्या तबकड्या एकाच जातीच्या नसतात. आधी त्या वेगळ्या करा.

जुनी जात म्हणजे ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड. जाड, जड, आणि हातातून पडली तर काचेच्या बशीसारखी फुटणारी. ही प्लॅस्टिकची नाही, लाखेची आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ तयार करतात ती, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. ही लाख मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जायची. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कमध्ये वाजणाऱ्या तबकडीतसुद्धा छोटा नागपूरच्या जंगलातला माल असायचा!

आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्याला झालं. फ्रेड गैसबर्ग हा रेकॉर्डिंग इंजिनिअर त्यासाठी इंग्लंडहून आला होता आणि गौहर जान त्यात गायल्या. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारताना ऐकू येतात. तिकडच्या लोकांना लेबल लावताना गोंधळ होऊ नये, म्हणून ही सोय. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना सुरू झाला आणि तबकड्या इथे बनू लागल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे तासभर राग आळवणाऱ्या गवयांना त्याचा अर्क तीन मिनिटांत बसवावा लागला. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांची जी गाणी आपले आजोबा गुणगुणायचे, ती अशी तीन मिनिटांच्या मापात घराघरात पोचली.

नवी जात म्हणजे ३३ १/३ ची मोठी एलपी (१९४८ मध्ये अमेरिकेत आली) आणि ४५ ची छोटी, सात इंची. या व्हिनिलच्या, म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपच्या पीव्हीसीच्या जवळच्या नातेवाईक. वजनाला हलक्या, थोड्या वाकणाऱ्या. परदेशात ७८ ची रेकॉर्ड १९६० च्या सुमारास संपली, पण आपल्याकडे ती पुढेही निघत राहिली. चावीचे फोनो गावोगाव होते आणि वीज नव्हती! त्यामुळे बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. आज परदेशी संग्राहक ती शोधत फिरतात.

ही ओळख का महत्त्वाची? एक उदाहरण पुरे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करताना सुतार नेमकं हेच करतो. एलपी साफ करायच्या बऱ्याच तयार द्रवांत अल्कोहोल असतं. तेच ७८ वर फिरवलं, की डाग नाही, गाणंच पुसलं जातं.

सुईचं माप

७८ ची चर रुंद असते. तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन. एलपीच्या सुईची १८ ते २५ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती चरीच्या तळाशी भेलकांडत जाते. गाणं कमी, खरखर जास्त, आणि सुई झिजते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती चरीत नीट उतरतच नाही, वरच्या कडा रगडत जाते. पुष्कळ जुन्या प्लेअरमध्ये सुईशेजारी एक छोटा दांडा असतो. तो फिरवला की एका बाजूची सुई जाऊन दुसरी खाली येते. दांडा कुठल्या बाजूला आहे हे न बघता रेकॉर्ड लावू नका.

आता वजन. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजची सुई दीड ते तीन ग्रॅम भाराने टेकते. ऐकायला काहीच नाही, पण टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म आहे की दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो. चरीत धूळ असेल तर सुई तीच धूळ भिंतीत दाबून बसवते. मग ती 'टक्' कायमची.

आणि चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स? तो शंभर ग्रॅमच्या वर भाराने टेकतो. त्याची पिन पोलादी, आणि ती एक बाजू वाजवून झाली की फेकायची, हा नियम. लाखेतली दगडाची पूड त्या पिनला घासून चरीच्या मापाची करते, म्हणजे झिजायचं पिननं, रेकॉर्डनं नाही, अशी ती योजना होती. पिनांच्या छोट्या डब्या घरात सापडतात त्या यासाठी. तीच पिन दहा वेळा वापरली की ती छिन्नी होते. आणि चावीच्या फोनोवर एलपी? एकदाच लावता येते. दुसऱ्यांदा लावायला गाणं उरत नाही.

बाजारात पितळी कर्ण्याचे जे चकचकीत फोनो मिळतात, त्यातले बरेचसे अलीकडे सुट्या भागांतून जुळवलेले असतात. दिवाणखान्यात छान दिसतात. त्यांच्यावर दुर्मीळ रेकॉर्ड लावू नका म्हणजे झालं.

मिलिव्होल्टचं काम

प्लेअर मिळाला, वायर थेट स्पीकरच्या 'ऑक्स'ला जोडली, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. मग लोक म्हणतात, रेकॉर्ड खराब आहे. रेकॉर्ड ठीक असते, मधली एक पायरी राहिलेली असते.

खर्जाचे सूर जसेच्या तसे कोरले तर चर इतकी डावी-उजवीकडे डुलेल की शेजारच्या वळणाला भिडेल. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात आणि तीव्र सूर वाढवतात. वाजवताना याच्या बरोबर उलट करायचं. त्यामुळे खर्ज परत येतो आणि वाढवलेल्या तीव्र सुरांबरोबर तबकडीची खरखरही खाली जाते. १९५४ च्या सुमारास यासाठी 'आर.आय.ए.ए.' नावाचा ठरलेला वक्र आला. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला तेवढेच खाली. टाइम कॉन्स्टंट ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एव्हाना कागद-पेन्सिल काढली असेल! मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, ते या फिल्टरमधून काढून वाढवायचे. एक डबल ऑप-अँप, मोजकेच रेझिस्टर-कपॅसिटर, मिनी प्रोजेक्टला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो यांसारखे घरगुती प्लेअर आपल्याकडे खूप खपले. तशा साध्या प्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते पिझोइलेक्ट्रिक, व्होल्टेज भरपूर देतं आणि हा फिल्टर त्याला लागत नाही. पण जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट असतं, आणि ते पाण्यात विरघळणारं मीठ आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते हळूहळू मरतं. प्लेअर फिरतोय पण आवाज नाही, अशी केस असेल तर पहिला संशय इथे घ्या. त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवता येतं.

'बंद पडलाय' म्हणजे नक्की काय झालंय?

'बंद' प्लेअरचं निदान बहुतेक वेळा तीन-चार गोष्टींत संपतं. रबरी बेल्ट सैल झालेला किंवा वितळून चिकट झालेला. आयडलर व्हील, म्हणजे मोटर आणि थाळी यांच्या मधलं रबरी चाक, वाळून कडक झालेलं. बेअरिंगमधल्या तेलाचा डिंक झालेला. आणि कपॅसिटर वाळलेले. यातलं एकही दुखणं जीवघेणं नाही. डिंक झालेलं तेल पुसून नवं घालणं हे वर्कशॉपचं काम, कपॅसिटर बदलणं हे सोल्डरिंग येणाऱ्या कुणाचंही. मशीनमध्ये न मिळणारी चिप नाही, लॉक नाही, कंपनीची परवानगी नाही. दुरुस्त करता यावं असंच ते बनवलेलं आहे.

फक्त वीस वर्षं पडून असलेला प्लेअर थेट प्लगला लावू नका. आधी इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बल्ब लावून बघा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, प्लेअर जळणार नाही. काही जुन्या सेटमध्ये चॅसिसला मेन्सचं कनेक्शन असतं, तेव्हा उघडण्याआधी प्लग काढलेला हवा.

परदेशातल्या मामांनी आणलेला जुना प्लेअर असेल तर आणखी एक गोम. अमेरिकेत ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. एसी मोटर आपल्या ५० हर्ट्झवर ५/६ वेगानेच फिरते आणि लताबाईंचा आवाज जाड येतो! अशा वेळी मोटरची पुली बदलावी लागते.

वेग तपासायची युक्ती तर हॉस्टेलच्या रूमवर करण्यासारखी आहे. कागदाच्या गोल चकतीवर परिघाला समान अंतरावर १८० रेघा काढा आणि ती फिरत्या थाळीवर ठेवा. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३ १/३ च्या वेगाला बरोबर १०० रेघा दर सेकंदाला समोरून जातात, त्यामुळे त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ साठी ७७ रेघा. दिवा मात्र तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूबचा किंवा निऑनचा हवा. एलईडीवर बहुधा जमत नाही.

वेगाचं एवढं कौतुक कशाला? कारण वेग चुकला की स्वर चुकतो. सुरुवातीच्या काळात '७८' हा आकडा पक्का नव्हता. ७४ ला कोरलेली तबकडी ७८ ला लावली तर जवळजवळ अर्धा स्वर चढते. पांढरी एक मध्ये गाणारा गवई काळी एक मध्ये गायला लागतो आणि आपण त्याच्या गळ्याबद्दल भलतीच मतं बनवतो.

कॉपी करून टाकली की झालं ना?

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला? एकदा कॉम्प्युटरवर घ्या आणि टाका फेकून. कॉपी जरूर करा. चाळीस मिनिटांची एलपी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घेतली तर १.४ जीबीच्या आसपास होते; आजच्या हिशेबात किरकोळ. ७८ साठी एक छोटी युक्ती : ती मोनो असली तरी स्टिरिओ कार्ट्रिजने घ्या आणि नंतर दोन्ही चॅनल एकत्र करा. गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत फक्त कचरा; बेरजेत तो कचरा बराचसा वजा होतो.

पण फेकू नका. कॉपी ही त्या दिवशीच्या सुईची, त्या दिवशीच्या यंत्राची आणि ती घेणाऱ्याच्या कानाची कॉपी असते. उद्या चांगली सुई मिळाली तर त्याच चरीतून जास्त गाणं निघतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विताली फादेयेव या भौतिकशास्त्रज्ञांनी कणभौतिकीच्या उपकरणांची मोजमापं घ्यायचं तंत्र रेकॉर्डकडे वळवलं. सुई न टेकवता चरीचे अतिसूक्ष्म फोटो काढायचे आणि आवाज गणिताने काढायचा. याने तडे गेलेल्या, फुटलेल्या तबकड्याही वाचता येतात. २००८ मध्ये त्याच प्रयोगशाळेत १८६० सालचा, काजळी धरलेल्या कागदावर ओढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला गेला. तो काढला गेला तेव्हा वाजवण्याचं यंत्रच अस्तित्वात नव्हतं. कुणीतरी कागद जपला होता, एवढंच.

आपल्याकडे तर हा प्रश्न जास्त टोकाचा. सगळ्या जुन्या रेकॉर्ड्स पुढे कॅसेट-सीडीवर आल्या असं नाही. नाट्यसंगीत, कीर्तन, पोवाडे, विनोदी नकला... यातलं पुष्कळ फक्त तबकडीवरच राहिलं, आणि जे आज ऐकायला मिळतं त्यातलं बरंच घरोघरच्या संग्राहकांनी सांभाळलं म्हणून. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' अशाच हौशी मंडळींची. तेव्हा माळ्यावरच्या पेटीत एखादी शेवटची प्रत असणं अशक्य नाही.

केसरबाई आणि पत्त्यांचं टेबल

१९७७ मध्ये 'नासा'ने व्हॉयेजर १ आणि २ ही याने सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची रेकॉर्ड आहे. तिच्यावर गोव्यात केरी इथे जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. निवड झाली, पण रेकॉर्ड अमेरिकेत मिळेना. बाजारातून ती गेली होती. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, पत्ते खेळायच्या टेबलाखाली ठेवलेल्या जुन्या खोक्यात तिच्या तीन न फोडलेल्या प्रती निघाल्या. कुणीतरी खोकं फेकलं नाही, म्हणून केसरबाई आज सूर्यमालेच्या ग्रहांच्या पलीकडे आहेत. व्हॉयेजर १ सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला त्या गेल्या.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. रेकॉर्डबरोबर यानात कार्ट्रिज आणि सुईसुद्धा ठेवली आहे. आवरणावर ती कशी लावायची याची चित्रं आणि वेग कोरला आहे : एक फेरा ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १६ २/३. 'सेकंद' परग्रहावर कुणाला कळणार, म्हणून तो वेळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात दिला आहे. नुसती तबकडी पाठवून उपयोग नाही, हे त्या इंजिनिअर लोकांना पक्कं ठाऊक होतं. माळ्यावरच्या पेटीलाही हाच नियम.

आता करायचं काय?

१. रेकॉर्ड्स पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. एका मापाच्या एकत्र. शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो वजन, तेव्हा फळी मजबूत हवी.

२. ऊन, पत्र्याचं छप्पर, बंद गाडी, यांपासून लांब. व्हिनिल तापलं की वाकतं. वाकलेली रेकॉर्ड इस्त्रीने सरळ करायचा प्रयोग कृपया नको.

३. पावसाळ्यात ओल्या भिंतीला लागून ठेवू नका. बुरशी आधी कागदी पाकीट खाते, मग तबकडीवर येते. चिकट होणारी पीव्हीसीची कव्हरं काढून टाका, पॉलिथिनची चालतील.

४. धरताना कडेला आणि लेबलला धरा. चरीवर बोट नको.

५. धुवायची तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि हात चरीच्या दिशेने गोल. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. ७८ ला स्पिरिट कधीही नाही.

६. प्लेअर, सुट्या सुया, पिनांच्या डब्या, पुली, माहितीपत्रक, जे सापडेल ते एका खोक्यात ठेवा आणि खोक्यावर लिहून ठेवा. पुढच्या माणसाला ते भंगार वाटता कामा नये.

७. सुई भिंगाखाली बघा. झिजलेली असेल तर नवी मिळेपर्यंत रेकॉर्ड लावू नका. नव्या स्वस्त सूटकेस-प्लेअरमध्ये सुईचा भार बऱ्याचदा जास्त असतो, तेव्हा घेण्याआधी विचारा.

८. लेबलवरचं सगळं, म्हणजे गायक, गाणं, नंबर, वहीत उतरवा किंवा फोटो काढा. पेटीत काय आहे हे सांगणारे आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसूनच हे काम करा.

सगळ्यांनी रेकॉर्ड जमवायला लागावं असं मुळीच म्हणणं नाही. गाणी मोबाइलवर ऐकायला कुणाची ना नाही. पण घरात पेटी असेल आणि यंदा माळा साफ करायची वेळ आली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाचा डबा घेऊन त्या 'बंद' प्लेअरचं झाकण तेवढं उघडून बघा. चार वर्षं आपण शिकतोय ते कशासाठी?